लकव्यानंतरचा हात आणि यंत्राचा हातमोजा

मागच्या पावसाळ्यातली एक पहाट. कारंजा (घाडगे) येथे आमचे चाचा फजरच्या नमाजसाठी उठले, मोरीपाशी जाऊन वुजूला बसले आणि त्यांच्या उजव्या हातातला लोटा खाली पडला. त्यांनी तो उचलला, पुन्हा पडला. झोपेत हात अंगाखाली दबला असेल, असे त्यांना वाटले. चाचीला हाक मारली तर शब्द जड निघाले. शेजारचे एक बुजुर्ग आले, म्हणाले, "हवा लागली असेल." मग तेल गरम झाले, मालीश झाली. कोणीतरी जंगली कबुतराचा उतारा सुचवला आणि दोन पोरे कबुतर शोधायला गेलीसुद्धा. नागपूरच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते सारे या गमावलेल्या तासांनंतरचे आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव झालेला नाही, याची खात्री करावी लागते. कारंजाहून नागपूर काय किंवा वर्धा काय, गाडी मिळण्यात आणि रस्त्यात जाणारा वेळ धरला तर हाताशी फारसे काही उरत नाही. तोंड एका बाजूला ओढले गेले, एक हात आपोआप खाली येऊ लागला, बोलणे अडखळले, की तेलाची वाटी बाजूला ठेवायची आणि 108 ला फोन लावायचा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ कागदावर लिहून घ्यायची. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि घाबरलेल्या घरात त्याचे उत्तर चौघे चार प्रकारे देतात. आमच्याकडे तसेच झाले.

चाचा दर्जी आहेत. त्यांच्या उजव्या हाताने चाळीस वर्षे कात्री धरली. जूनमध्ये शाळेचे गणवेश, रमजानमध्ये कुर्ते-पायजमे, आणि संत्र्याला भाव चांगला मिळाला त्या वर्षी लग्नाचे कपडे, असे त्यांच्या दुकानाचे वर्ष चालते. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय बऱ्यापैकी चालत होता, बोलणेही सुधारले होते. उजवा हात मात्र कोपरात दुमडून, मूठ मिटून छातीशी चिकटलेला. मूठ मिटत होती, उघडत नव्हती.

"पाय आला, मग हातच का मागे राहिला?" चाचीने मला विचारले. मी शिक्षिका आहे, म्हणून घरात असले प्रश्न माझ्याकडे येतात. मलाही शोधावे लागले.

मेंदूमध्ये शरीराच्या प्रत्येक भागाच्या हालचालीसाठी जागा वाटून दिलेली आहे, पण ती वाटणी शरीराच्या आकाराप्रमाणे नाही. कॅनडातले मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी गेल्या शतकात जागे असलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श करून ही जागा मोजत नेली. सबंध पाठ-पोटाला मिळून जेवढी जागा, त्यापेक्षा किती तरी मोठी जागा एकट्या हाताला, त्यातही अंगठा आणि बोटांना, मिळालेली त्यांना दिसली. मेंदूची जी रक्तवाहिनी लकव्यात सर्वात जास्त वेळा बंद पडते, तीच हात आणि चेहऱ्याच्या या जागेला रक्त पुरवते. शिवाय पाय थोडा ताठ असला तरी माणूस त्यावर भार टाकून चालू शकतो. हाताचे तसे नाही. सुई धरायची तर अंगठा आणि तर्जनी समोरासमोर यावी लागते आणि बाकीची बोटे मागे राहावी लागतात. मेंदूचा लगाम सैल झाला की मिटणारे स्नायू ताठरतात आणि उघडणारे दुबळे पडतात. म्हणून मूठ.

आता मूळ विषयाकडे येते. चाचांचा मोठा मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघून एक हातमोजा मागवला. काळा मोजा, प्रत्येक बोटाच्या पाठीवर वळ्या-वळ्यांची रबरी नळी, पाचही नळ्या एका लहान पेटीला जोडलेल्या. पेटीत हवेचा पंप. सोबत दुसरा पातळ मोजा, चांगल्या हातात घालायचा. ताठ बोटे त्या मोज्यात घालायलाच पहिल्या दिवशी वीस मिनिटे लागली. चाचीने बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबले, पेटी फुसफुसली आणि चाचांची मूठ हळूहळू उघडली. सहा आठवड्यांनी त्यांचा तळहात सगळ्यांना दिसला. घरातली बायका-पोरे गोळा झाली होती, एकही बोलेना. चाचांनी तोंड भिंतीकडे वळवले.

पुढचे पंधरा दिवस चाचा रोज सकाळ-संध्याकाळ मोजा घालून टीव्हीसमोर बसत. मोजा उघडे, मिटे, उघडे, मिटे. चाचा बातम्या बघत. मोजा काढला की मूठ पुन्हा होती तशी.

वर्ध्याकडे शिकलेली एक तरुण फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा घरी येऊ लागली होती. तिने दारातून हे दृश्य पाहिले आणि टीव्ही बंद करायला लावला. "चाचाजी," ती म्हणाली, "व्यायाम मोजा करतोय. तुम्ही नुसते बसलाय."

ती जे पुढे म्हणाली ते या लेखातले सर्वात कामाचे वाक्य आहे, म्हणून जसेच्या तसे देते. "आधी तुम्ही उघडायचा प्रयत्न करायचा. मनात म्हणायचं, उघड. बोट हललं नाही तरी जोर लावायचा. मगच चाचीजी बटण दाबतील, आणि जेवढं तुमच्याकडून राहिलं तेवढंच मोजा पूर्ण करेल."

मोजा आतून काय करतो

बाजारात दिसणाऱ्या या मोज्यांचे ढोबळ तीन प्रकार. काहींमध्ये आमच्यासारखी हवेची नळी असते. हवा भरली की नळी वाकते किंवा सरळ होते आणि बोटाला सोबत नेते. काहींमध्ये आपल्या हातातल्या कंडरांसारख्या बारीक दोऱ्या असतात आणि लहान मोटर त्या ओढते. काही मोजे नसून बोटांवर बसवलेले कडक सांगाडे असतात. ताकद कुठूनही येवो, खरा फरक हुकूम कोण देतो यात आहे. साध्या मोज्यात हुकूम घड्याळ देते: इतक्या सेकंदांनी उघड, इतक्या सेकंदांनी मिट. त्याहून बऱ्या मोज्यात चांगल्या हातातला पातळ मोजा हुकूम देतो. डावा हात उघडला की उजवा उघडतो. महागड्या यंत्रांमध्ये हातावर चिकटवलेल्या पट्ट्या स्नायूतला विजेचा क्षीण संदेश पकडतात. हात हललेला डोळ्यांना दिसत नाही, पण मेंदूने आज्ञा पाठवलेली असते. ती पोचली की यंत्र बोट उघडते. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात अशा प्रकारचे यंत्र तयार झाले आणि पुढे अनेक देशांतल्या दवाखान्यांत गेले.

या मोज्यांचा सगळाच जन्म दवाखान्यात झालेला नाही, हे मला गमतीचे वाटले. अमेरिकेची अवकाश संस्था नासा आणि मोटारी बनवणारी जनरल मोटर्स यांनी मिळून एक यंत्रमानव बनवला होता, तो 2011 मध्ये अवकाश स्थानकावर पोचला. त्याच्या हातासाठी शोधलेली युक्ती वापरून त्यांनी माणसासाठी मोजा बनवला. हेतू असा, की दिवसभर हत्यार धरून काम करणाऱ्या कामगाराची पकड थकू नये. पुढे स्वीडनच्या एका कंपनीने ते तंत्र घेतले. ही कंपनी दुबळ्या हातांसाठी आधीपासूनच मोजे बनवत होती. हार्वर्ड विद्यापीठात आणि सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात मऊ रबराचे मोजे याच दशकात आकाराला आले. धातूच्या सांगाड्यापेक्षा ते हलके, आणि घरी नेता येतील असे.

आपल्या देशातही काम चालू आहे, आणि त्याचा आपल्याला जास्त उपयोग होण्यासारखा आहे. आयआयटी मद्रास आणि वेल्लूरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांनी मिळून 'प्लुटो' नावाचे यंत्र बनवले. तो मोजा नाही. टेबलावर ठेवायची पेटी आहे. तिला वेगवेगळ्या मुठी लावायच्या, एक मनगट फिरवायला, एक बोटे उघड-मीट करायला, आणि समोर पडद्यावर खेळ. हात जेवढा कमी पडतो तेवढीच मदत यंत्र करते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या भौतिकशास्त्र विभागाने 2022 मध्ये त्रिमितीय छपाईने बनवलेला मऊ मोजा जाहीर केला; बोट किती वाकले हे तो प्रकाशाच्या साह्याने ओळखतो. आयआयटी कानपूरच्या आशीष दत्ता यांच्या यंत्रात तर हुकूम थेट डोक्यावर लावलेल्या टोपीतून, मेंदूच्या लहरींवरून, जातो. त्याच्या बातम्या 2025 च्या सुरुवातीला सगळीकडे आल्या आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरल्या. रुग्ण पूर्ण बरे झाले, असे त्यात होते. ते रुग्ण आठ होते, हे मात्र पुढे पाठवणाऱ्या कोणीच वाचले नव्हते. आठ माणसांवरून आशा धरावी, कर्ज काढू नये.

बत्तीस आणि पाचशे

फिजिओथेरपिस्टने चाचीला एक वही करायला सांगितली. दिवसात उजव्या हाताचा प्रयत्न किती वेळा झाला, त्याचा आकडा लिहायचा. पहिल्या दिवशीचा आकडा चाळीसच्या आत होता.

हा आकडा लहान दिसतो, पण जगभर तसाच आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यांमध्ये बसून प्रत्यक्ष मोजणी केली होती. 2009 मध्ये त्यांनी लिहिले की उपचाराच्या एका बैठकीत लकव्याच्या हाताची कामाची हालचाल सरासरी बत्तीस वेळा होते. बत्तीस! प्राण्यांवरच्या प्रयोगांमध्ये, मेंदूचा शेजारचा भाग हाताचे काम शिकून घेतो असे जिथे दिसले, तिथे रोजच्या हालचाली शेकड्यांत होत्या. दवाखान्यातल्या थेरपिस्टचा यात दोष नाही. अर्ध्या तासात खांदा, पाय, तोल, बोलणे सगळेच त्यांना बघायचे असते.

मोज्याची खरी जागा इथे आहे. दुबळ्या हाताने शंभर वेळा मूठ उघडणे माणसाला जमत नाही. दहाव्याला हात थकतो, पंधराव्याला मन. घरच्यांनी बोटे धरून उघडायची म्हटली तर त्यांचेही अंगठे दुखतात. मोजा थकत नाही आणि वैतागतही नाही. प्रयत्न माणसाचा आणि शेवट यंत्राचा, असे जमले तर आकडा वाढतो.

चाचीने आकडा वाढवण्याचा आपला मार्ग काढला. तिने व्यायाम पाच नमाजांना बांधून टाकला. नमाजनंतर तसबीह पढतो तशी शंभराची गणती: तेहतीस वेळा मूठ उघडायची, तेहतीस वेळा अंगठा एकेका बोटाला लावायचा प्रयत्न, चौतीस वेळा मनगट वर. पाच वेळा शंभर म्हणजे पाचशे. जिक्र वेगळा आणि व्यायाम वेगळा, हे ती स्पष्ट सांगते. गणती मात्र तिने तिकडून घेतली, कारण ती तिच्या बोटांत बसलेली आहे. इशाच्या वेळचे शंभर बहुतेक दिवशी पूर्ण होत नसत. वहीत तिथे साठ, सत्तर असे आकडे आहेत. फिजिओथेरपिस्टने वही बघितली आणि म्हणाली, साठ लिहिले तेच बरे केले.

मोजा घालून नुसती उघड-मीट करून भागत नाही, हेही तिनेच सांगितले. मेंदू हालचाल शिकत नाही, काम शिकतो. म्हणून मोजा घालून किंवा काढून, पण हातात वस्तू हवी. चाचांसाठी तिने वस्तू निवडल्या त्या त्यांच्याच घरातल्या: आधी रिकामा लोटा, मग रिकामी दोऱ्याची रिळे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात, मग मोठी बटणे, मग टेप गुंडाळणे. आपल्याकडे जेवण उजव्या हाताने. डाव्या हाताने जेवायची मजबुरी चाचांना लकव्यापेक्षा जास्त लागली होती. पाहुण्यांसमोर ते जेवायलाच बसत नसत. आजारी माणसाला यात सवलत आहे, नमाज बसून किंवा पडून इशाऱ्याने पढता येते, वुजू जमत नसेल तर तयम्मुम आहे, हे त्यांना ठाऊक होते. पण सवलत ठाऊक असणे आणि मनाला पटणे यात अंतर असते. म्हणून भाकरीचा तुकडा धरणे हेच त्यांचे पहिले ध्येय ठरले. वैद्यकीय पुस्तकात ते नसेल.

एक उपाय फुकटाचा होता आणि तो दुकानातच टांगलेला होता: ट्रायलचा आरसा. छोटा आरसा दोन हातांच्या मधे उभा धरायचा, उजवा हात आरशामागे लपवायचा आणि आरशात डाव्या हाताचे प्रतिबिंब बघत दोन्ही हात हलवायचा प्रयत्न करायचा. डोळ्यांना उजवाच हात उघडताना दिसतो. भारतात जन्मलेले मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या माणसांच्या वेदनेवर ही युक्ती सुरू केली आणि नंतर ती लकव्यासाठी आली. अनेक चाचण्यांत तिचा उपयोग दिसला आहे. हवेचा मोजा मागवण्याआधी आरसा मागवायला कोणी सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

पुरावा काय म्हणतो

मोजा विकणाऱ्याने फोनवर सांगितले होते, तीन महिन्यांत हात पहिल्यासारखा. असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये, हे आता मी ठामपणे लिहू शकते.

ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचा निकाल 2019 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाला हाताच्या रोबोटवर आठवड्यातून तीन दिवस, पाऊण-पाऊण तास, बारा आठवडे व्यायाम दिला. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ थेरपिस्टने हाताने, आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार. रोबोटच्या गटाचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा कामात सरस ठरला नाही. तो रोबोट खांदा-कोपरापासून चालणारा मोठा होता, मोजा नव्हता, तरी इशारा तोच. त्याच्या आदल्या वर्षी पंचेचाळीस लहान-मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात मात्र यंत्रांमुळे हाताची ताकद आणि रोजची कामे काही प्रमाणात सुधारतात, असे आढळले होते. आणि ज्या लँगबाईंनी बत्तीसचा आकडा मोजला, त्यांनीच पुढे 85 रुग्णांवर तपासले, तेव्हा लकव्याला सहा महिने उलटून गेलेल्या माणसांत जास्त गणती केली म्हणून जास्त फायदा दिसला नाही. मी याचा अर्थ असा लावते: गणती लवकर सुरू केलेली बरी, त्यात मन असलेले बरे, आणि यंत्र हे थेरपिस्टच्या हाताखालचे मदतनीस आहे.

घरच्यांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे "आम्ही बघून घेऊ" म्हणायची सवय आहे. भारतातल्या चौदा दवाखान्यांत 1250 रुग्णांवर चाचणी झाली, 2017 मध्ये निकाल आला. घरच्या माणसाला व्यायाम शिकवून सगळे त्याच्यावर सोपवले, तर मृत्यू किंवा परावलंबन कमी होते का, हा प्रश्न होता. झाले नाही. घरची माया लागते, पण जाणकाराची नजर अधूनमधून तरी लागतेच. आणि घरच्यांपैकी नेमके कोण राबते, हेही कोणी मोजत नाही. आमच्या घरी मोजा घालणारी, काढणारी, वही लिहिणारी, रात्री उठून चाचांना कूस बदलून देणारी एकटी चाची होती. तिला स्वतःला मधुमेह आहे. दोन महिन्यांनी तीच चक्कर येऊन पडली, तेव्हा मुलांनी दुपारची पाळी वाटून घेतली. आधीच घ्यायला हवी होती.

घेण्याआधी

मोजा सगळ्या हातांसाठी नाही. बोटे फार ताठरलेली असतील, सांधे आखडून पक्के झाले असतील, त्वचेवर जखम असेल, हाड मोडलेले असेल, तर हवेचा जोर इजा करू शकतो. ज्या हाताला स्पर्श कळत नाही त्यावर तर दुप्पट लक्ष हवे, कारण दुखले तरी रुग्ण सांगणार नाही. मोजा काढल्यावर दर वेळी बोटांच्या पेरांवर लाल वळ उठले आहेत का ते बघायचे. त्याच कारणाने अशा हातावर गरम पिशवीने शेक देऊ नये. खांद्याची बात वेगळी आणि फार महत्त्वाची. दुबळा हात धरून माणसाला पलंगावरून ओढत उठवले की खांदा निखळू लागतो, आणि मग वेदनेमुळे तो हाताचा कोणताही व्यायाम करू देत नाही. आमच्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण चाचांचा तोच हात ओढून "जोर लावा, जोर लावा" म्हणायचा. शेवटी चाचीने हात ओढणीने झाकून ठेवायला सुरुवात केली.

लकवा नव्हे, इजा झाली असेल तर नियम आणखी कडक. आपल्या भागात कुट्टी मशीनमध्ये, सोयाबीनच्या मळणीयंत्रात बोटे सापडतात. कंडरा तुटून शिवलेली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे ती शिवण कच्ची असते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या हातावर यंत्र चढवले तर शिवलेले पुन्हा तुटू शकते. दर्ज्याच्या भाषेत, कच्च्या टाक्यावर कापड ताणायचे नसते.

किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते आणि व्हिडिओत सगळे मोजे सारखेच दिसतात. म्हणून आधी एखाद्या फिजिओथेरपी विभागात हात दाखवावा. वर्धा जिल्हा या बाबतीत गरीब नाही. सेवाग्रामला 1969 पासून महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, नागपूरला मेडिकल आणि मिहानमधले एम्स आहे. विचारायचे प्रश्न सोपे आहेत. बोटाची थोडी तरी हालचाल स्वतःहून होते का? पहिल्या काही दिवसांत बोट जरासे उघडत असेल आणि खांदा उचलत असेल तर हात कामाला येण्याची शक्यता बरीच चांगली मानतात. मोजा नुसता घड्याळावर चालतो, की आपल्या प्रयत्नावर? मोज्याचा आकार हाताला बसतो का, आणि नळी फाटली तर बदलून मिळेल का? आमच्या मोज्याची अनामिकेची नळी तिसऱ्या महिन्यात फुटली. ती मिळेपर्यंत चाचांनी सायकलच्या पंक्चरचा तुकडा लावून घेतला, तो पाच दिवस टिकला.

आणि रक्तदाबाची गोळी. चाचांनी ती लकव्याच्या महिनाभर आधी स्वतःच बंद केली होती, बरे वाटते म्हणून. दुसरा लकवा येऊ नये यासाठी जे काही करता येते त्यात ही गोळी सर्वात वर आहे, आणि ती कोणत्याही मोज्यापेक्षा स्वस्त आहे. रमजानमध्ये गोळ्यांची वेळ सहरी-इफ्तारला कशी बसवायची, किंवा रोजे ठेवावेत की नाही, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

चाचांचा हात पहिल्यासारखा झालेला नाही. कात्री आता धाकट्या मुलाच्या हातात आहे. चाचा टेबलाशी बसून उजव्या हाताच्या बोटांनी कापड दाबून धरतात आणि डाव्या हातातल्या खडूने खूण करतात. रेषा वाकडी येते, मुलगा ती न बोलता सरळ करून कापतो. चाचांना ते दिसते. मोजा अजून दिवसातून दोनदा घालतात, टीव्ही बंद करून. भाकरीचा तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरून तोंडाशी नेता येतो, डाळ मात्र सांडते. मागच्या जुम्याला मी गेले तेव्हा ते मोरीपाशी वुजू करत होते. लोटा उजव्या हातात होता, अर्धा भरलेला. पूर्ण भरलेला अजून पेलत नाही.